जुन्या लाइफबोटीची रचना आणि तिच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा किंवा साळ नदीच्या काठाने फिरताना, बार्ज दुरुस्त करणाऱ्या यार्डांच्या मागील आवारात किंवा एखाद्या खासगी अंगणात जहाजावरून उतरवलेली जुनी लाइफबोट पडलेली दिसू शकते. जहाज मोडीत निघाले की त्याच्या लाइफबोटी वेगळ्या विकल्या जातात, मग कोणी त्यात इंजिन बसवून मासेमारीला नेतो, कोणी नदीत माल वाहतो, तर कोणी तिचे दोन तुकडे करून शोभेसाठी मांडतो. फायबरची बोट दीर्घकाळ टिकते, पण लाकडी बोट उघड्यावर काही पावसाळे राहिली की तिच्या फळ्या सुटतात आणि तिची मूळ घडण पुन्हा कधीच मोजता येत नाही. अशी बोट ज्यांच्या पाहण्यात आली आहे आणि तिची नीट नोंद व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. बोटीची रचना आणि ती वापरणाऱ्या माणसांच्या आठवणी एकाच वहीत, एकमेकांना जोडून नोंदवाव्यात, असा माझा आग्रह आहे. लाइफबोटीच्या नियमांतील बरेचसे बारकावे कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतर आले आहेत आणि ते प्रत्यक्षात कसे उपयोगी पडत होते हे हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते.

आधी बोटीचे कूळ ओळखावे

लाइफबोटींची दोन घराणी आहेत. एक किनाऱ्यावरून बुडत्या जहाजाकडे जाणाऱ्या बचावबोटींचे आणि दुसरे जहाजावरच टांगलेल्या, जहाज सोडून निघण्यासाठी असलेल्या बोटींचे. गोव्यात सापडणारी बोट बहुधा दुसऱ्या घराण्यातील असते, मात्र तिचा आकार पहिल्या घराण्याची आठवण ठेवून आहे. १७८९ साली इंग्लंडमध्ये टाईन नदीच्या मुखाशी 'अ‍ॅडव्हेंचर' हे जहाज किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटले आणि कोणीही मदतीला जाऊ शकले नाही. त्यानंतर साउथ शील्ड्स येथे उत्तम बचावबोटीच्या नमुन्यासाठी बक्षीस जाहीर झाले आणि विल्यम वूल्डहेव व हेन्री ग्रेटहेड यांच्या कल्पनांमधून घडलेली 'ओरिजिनल' ही बोट ३० जानेवारी १७९० रोजी प्रथम पाण्यात गेली. तिची दोन्ही टोके निमुळती होती, तळाचा कणा कमानीसारखा वाकलेला होता आणि बाजूंना बुचाच्या लाकडाचा थर होता. ग्रेटहेड यांनीच १८०२ मध्ये बांधलेली 'झेटलंड' आजही रेडकार येथे जपून ठेवलेली आहे आणि जगातील टिकून राहिलेली सर्वांत जुनी लाइफबोट म्हणून ती ओळखली जाते.

दोन्ही टोके निमुळती ठेवण्याचे कारण समजून घेतले तर मोजमाप करताना नजर आपोआप योग्य जागी जाते. लाटा मागून येत असताना सपाट मागील बाजूवर पाणी आदळते आणि बोट आडवी होते, तर निमुळत्या टोकाशी लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. शिवाय बोट न वळवता दोन्ही दिशांना वल्हवता येते. म्हणून आपल्या बोटीचे मागील टोकही नाळेसारखे, म्हणजे पुढच्या टोकासारखे, निमुळते आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

किनाऱ्यावरच्या बोटींच्या बाबतीत पुढे एक मोठा वाद झाला. १८५१ साली जेम्स बीचिंग यांच्या नमुन्याला नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने ठेवलेले १०० गिनींचे बक्षीस मिळाले. उलटली तर आपोआप सुलटी होणारी ती बोट होती. डिसेंबर १८८६ मध्ये 'मेक्सिको' या जहाजाच्या मदतीला गेलेल्या साउथपोर्ट आणि सेंट अ‍ॅन्स येथील दोन बोटी उलटून २७ बचावकर्मी मृत्युमुखी पडले, तेव्हा अशा बोटींवरील विश्वासाला तडा गेला आणि जहाजरचनाकार जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यांनी सुलटी होण्यापेक्षा मुळात उलटूच नये अशा रुंद, स्थिर बोटींवर भर दिला. या वादाचा निकाल बराच काळ लागला नाही आणि दोन्ही बाजूंना प्राणांची किंमत मोजावी लागली. जहाजावरची जुनी, उघडी लाइफबोट मात्र आपोआप सुलटी होत नसे. तिच्यासाठी वेगळा उपाय होता आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

हात लावण्यापूर्वी

मालकाची परवानगी घ्यावी आणि ती लेखी असावी. समुद्रातून वाहून आलेली, मालक अज्ञात असलेली बोट असेल तर आधी बंदर खात्याला किंवा पोलिसांना कळवावे. त्यानंतर बोट आहे त्या स्थितीत, भोवतालच्या परिसरासह, चारही बाजूंनी आणि शक्य असल्यास वरूनही छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक छायाचित्रात एक मोजपट्टी दिसेल अशी ठेवावी. झाडलोट, धुणे, रंग खरवडणे यांपैकी काहीही या टप्प्यावर करू नये, कारण रंगाचे थर हीसुद्धा नोंद आहे. नाळेच्या दोन्ही बाजूंना जहाजाचे नाव आणि नोंदणीचे बंदर लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय नियम होता, तसेच बोटीची लांबी-रुंदी-खोली आणि किती माणसांसाठी ती मान्य आहे तो आकडाही कायम टिकेल अशा पद्धतीने लिहिलेला असे. नंतरच्या मालकाने त्यावर रंग फासला असला तरी संध्याकाळी अंधार पडल्यावर विजेरी फळीला जवळजवळ समांतर धरली की कोरलेली किंवा जाड रंगातली अक्षरे सावलीमुळे वाचता येतात. धातूची पट्टी असेल तर तिच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचे शिसे हलक्या हाताने घासावे.

बोटीचा क्रमांकही शोधावा. जहाजाच्या उजव्या बाजूच्या बोटींना विषम आणि डाव्या बाजूच्या बोटींना सम क्रमांक देण्याची पद्धत आहे आणि मोजणी पुढून मागे होते. क्रमांक मिळाला की बोट कोणत्या बाजूला, साधारण कुठे टांगलेली होती हे कळते. क्रमांक पुसला गेला असल्यास बोटीच्या बाहेरील एकाच बाजूवर लाकडी किंवा लोखंडी घसरपट्ट्यांच्या खुणा आहेत का ते पाहावे. जहाज एका बाजूला कलले की वर उचललेल्या बाजूची बोट जहाजाच्या अंगावर घासत, अडकत खाली येते, म्हणून जहाजाकडील बाजूला या पट्ट्या लावत. १९१५ साली 'लुसिटानिया' अवघ्या १८ मिनिटांत बुडाले, ते एका बाजूला इतके कलले होते की त्याच्या ४८ लाइफबोटींपैकी फक्त ६ नीट पाण्यात उतरू शकल्या. या पट्ट्यांचे चार-दोन उरलेले खिळे दिसले, तरी त्यांची जागा मोजून घ्यावी.

मोजमाप

यासाठी लांब टेप, दोरी, खडू, सुताराचा गुण्या, ओळंबा, एक सरळ फळी, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि चौकटींचा कागद एवढे साहित्य पुरते. सोबत निदान एक माणूस असावा, एकट्याने घेतलेली मापे विश्वासार्ह नसतात. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते तेव्हा, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, नावा बांधणारे सुतार आणि तांडेल (नाव चालवणारे प्रमुख) घरी भेटतात, पण तेव्हा बोटीत पाणी असते. म्हणून मोजमाप हिवाळ्यात आणि चौकशी पावसाळ्यात अशी विभागणी सोयीची ठरते.

प्रथम नाळेच्या माथ्यापासून मागील टोकाच्या माथ्यापर्यंत बोटीच्या मधोमध दोरी ताणून बांधावी. ही आपली आधाररेषा. तिच्यावर समान अंतरावर खुणा कराव्यात. साध्या आराखड्यासाठी नऊ खुणा पुरेशा असतात, टोकांजवळ मात्र आकार झपाट्याने बदलतो म्हणून तिथे मधल्या जास्तीच्या खुणा घ्याव्यात. प्रत्येक खुणेवर बोटीच्या दोन्ही काठांवर सरळ फळी आडवी ठेवावी आणि तिच्यापासून खाली ठरावीक अंतरांवर बाजूच्या फळ्यांपर्यंतचे आडवे अंतर मोजावे. बोट सरळ उभी असेल तर ओळंबा उपयोगी पडतो. ती कललेली असेल तर ओळंबा फसवतो, तेव्हा आडव्या फळीलाच गुण्या लावून मापे घ्यावीत. कललेली बोट केवळ मोजण्यासाठी जोर लावून सरळ करू नये, कुजलेल्या फळ्या त्या ताणाने फुटतात.

दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. एक बाजू मोजून दुसरी तशीच असेल असे गृहीत धरणे चूक आहे, कारण अनेक वर्षे वाळूत पडलेल्या बोटीचा कणा वाकतो, टोके खाली झुकतात आणि जमिनीला टेकलेली बाजू आत दबते. कण्याखाली दोरी ताणून तो मध्यभागी किती उचलला गेला आहे ते मोजावे आणि आराखड्यावर आजचा आकार एका रंगात आणि अंदाजे मूळ आकार दुसऱ्या रंगात काढावा. हे दोन आकार एकमेकांत मिसळलेला आराखडा पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतो.

आता क्षमतेचा हिशेब. जुन्या लाकडी बोटींसाठी वापरला जाणारा सोपा नियम असा होता की, लांबी, रुंदी आणि खोली यांच्या गुणाकाराला ०.६ ने गुणावे, म्हणजे घनफळ मिळते. लांबी आणि रुंदी फळ्यांच्या बाहेरून आणि खोली मध्यभागी आतून मोजायची. २४ फूट किंवा त्याहून लांब बोटीत एका माणसामागे १० घनफूट धरले जात. 'टायटॅनिक'च्या मोठ्या लाकडी बोटी ३० फूट लांब, ९ फूट १ इंच रुंद आणि ४ फूट खोल होत्या. या नियमाने सुमारे ६५४ घनफूट येतात आणि त्या बोटींवर ६५ माणसे मान्य होती, हे जुळते. अधिक अचूक हिशेब हवा असेल तर बोटीच्या लांबीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावरील तीन छेदांचे क्षेत्रफळ काढावे. पहिल्याची चौपट, मधल्याची दुप्पट आणि तिसऱ्याची चौपट यांची बेरीज करून तिला लांबीने गुणावे आणि १२ ने भागावे. प्रत्येक छेदाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्याच्या खोलीचे चार समान भाग करून पाच ठिकाणी रुंदी घ्यावी. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची रुंदी एकपट, मधलीची दुप्पट आणि तिच्या वरची व खालची यांची चौपट अशी बेरीज करावी, तिला खोलीने गुणून १२ ने भागावे.

हा आकडा काढून थांबू नये. नियमाने मान्य झालेली माणसे आणि प्रत्यक्षात बसू शकणारी माणसे यांत फरक असतो. बाकांची रुंदी, गुडघ्यांना मिळणारी जागा आणि वल्हे ओढताना लागणारी मागची मोकळीक मोजून घ्यावी. 'टायटॅनिक'वरून सुरुवातीला निघालेल्या कित्येक बोटी निम्म्याच भरलेल्या होत्या, तेव्हा कागदावरची क्षमता आणि माणसाचा बोटीवरचा भरवसा हे दोन वेगळे विषय आहेत. दुसऱ्याचे उत्तर टेपने मिळत नाही.

एकेका भागाची नोंद

फळ्या एकमेकींवर चढवून बसवल्या आहेत की काठाला काठ जुळवून, हे लिहावे. चढवलेल्या असतील तर एका जोडाचे पूर्ण मापाचे चित्र काढावे, त्यात तांब्याचा खिळा, त्याच्या टोकावरची चकती आणि आतली बरगडी दिसली पाहिजे. बाजूच्या बाकांखाली हवेच्या बंद टाक्या असतात. लाकडी बोटीत त्यांचे घनफळ बोटीच्या घनफळाच्या निदान एक दशांश असावे असा नियम होता, म्हणजे बोट पाण्याने भरली तरी तरंगत राही. तांब्याच्या किंवा पितळेच्या टाक्या भंगारात चांगली किंमत देतात म्हणून त्या बहुधा आधीच काढून नेलेल्या असतात. टाक्या नसल्या तरी त्यांच्या जागा, आधाराचे तुकडे आणि रंगाच्या कडा मोजता येतात.

तळातील पाणी सोडण्याच्या छिद्रासाठी साखळीने बांधलेली दोन बुचे असत. बोट टांगलेली असताना छिद्र उघडे ठेवावे लागे, नाहीतर पावसाचे पाणी साचून बोट जड झाली असती, आणि पाण्यात उतरवताना ते विसरून चालत नसे. बाहेरच्या काठाला माळेसारखी लोंबणारी दोरी असते, ती पाण्यात पडलेल्यांनी धरण्यासाठी. आणि मघाशी उल्लेख केलेला उपाय हा की, बोटीच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या आणि एका काठापासून कण्याखालून दुसऱ्या काठापर्यंत जाणाऱ्या दोऱ्या बसवलेल्या असत, जेणेकरून बोट उलटली तर तिच्या पाठीवर चढून माणसाला धरून राहता येईल. या पट्ट्या वाळूत गाडलेल्या बाजूला असल्याने नोंदीतून हमखास सुटतात. हाताने थोडी वाळू बाजूला करून त्या पाहाव्यातच.

काही बोटींमध्ये वल्ह्यांऐवजी बाकांसमोर उभे दांडे आढळतात. सगळ्यांनी ते पुढे-मागे ढकलले की मागचा पंखा फिरत असे, त्यामुळे वल्हवण्याची सवय नसलेले प्रवासीही बोट चालवू शकत. याशिवाय शिडाची काठी रोवण्याची जागा, होकायंत्राची पेटी, समुद्रनांगर (बोटीचे तोंड लाटांकडे ठेवण्यासाठी पाण्यात सोडायचे साधन) बांधण्याची कडी आणि अन्नपाण्याचे कप्पे असतात. १९६० च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक माणसामागे ३ लिटर पिण्याचे पाणी, केशरी रंगाचे शीड आणि लाटा शमवण्यासाठी साडेचार लिटर वनस्पती, मासळी किंवा प्राणिजन्य तेल बोटीत ठेवावे लागे. जुलै १९८६ नंतर बांधायला घेतलेल्या जहाजांवर पूर्ण किंवा अर्ध्या झाकलेल्या बोटी आल्या, म्हणून उघडी बोट सापडली तर ती बहुधा त्याआधीच्या जहाजाची असते.

माणसांकडे जाताना

गोव्याचे दर्यावर्दी ब्रिटिश कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर प्रामुख्याने आचारी, बेकर, स्टुअर्ड म्हणून गेले, आणि म्हणून काहीजण समजतात की लाइफबोटीविषयी त्यांना विचारण्यासारखे काही नसते. हा गैरसमज आहे. संकटकाळच्या यादीत जहाजावरच्या प्रत्येकाचे नाव आणि काम लिहिलेले असे आणि प्रवासी जहाजांवर आठवड्याला बोटीचा सराव होई. स्वयंपाकघरातील माणूसही ठरलेल्या बोटीशी ठरलेल्या जागी उभा राहत असे. त्याच्या आठवणी डेकवरच्या अधिकाऱ्यापेक्षा वेगळ्या असतात, कारण प्रवाशांना जॅकेट घालून देणारा, रडणाऱ्या मुलांना धीर देणारा तोच असे.

भेटीला जाताना आपण काढलेला बोटीचा मोठ्या आकाराचा आराखडा आणि भागांची छायाचित्रे न्यावीत. शक्य असेल तर त्यांना बोटीपाशीच नेणे सर्वांत उत्तम, कारण हात कडीवर पडला की विसरलेला क्रम परत येतो. 'तुमच्या आठवणी सांगा' असे मोघम विचारू नये. बोट सोडताना, बाब, तुम्ही कुठे उभे असायचा, दोरी कोणाच्या हातात असे, दोन्ही टोकांचे, बोट टांगण्याचे आकडे (हूक) एकाच वेळी सुटत का, पहिल्यांदा खाली पाहिले तेव्हा किती उंच वाटले, असे कामाशी जोडलेले प्रश्न विचारावेत. उत्तर कोकणीत आले तर ते कोकणीतच लिहून ठेवावे आणि हवा असल्यास मराठी अर्थ शेजारी द्यावा, आपल्या मराठीत ते घोटून गुळगुळीत करू नये. पोर्तुगीज किंवा इंग्रजी शब्द आले तर तेही जसेच्या तसे ठेवावेत. ध्वनिमुद्रणाची आणि ते पुढे कोणाला ऐकवायचे याची परवानगी त्या व्यक्तीकडून आधीच घ्यावी.

घरातल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे. जहाजाची बातमी कशी कळे, तार आली की काय होई, पत्रांत वादळाचा उल्लेख असे की टाळला जाई, हे त्यांच्याकडूनच मिळते. जुनी पत्रे, सीडीसीची (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची) पुस्तिका आणि सरावाच्या वेळी काढलेली छायाचित्रे बहुतेकदा त्यांच्याच कपाटात असतात. ज्या सुताराने बोटीत इंजिन बसवले आणि ज्या मच्छीमाराने ती वापरली, त्यांचीही साक्ष महत्त्वाची आहे. लाटेत ती कशी वागते, वळायला किती जागा घेते हे वर्षानुवर्षे तीच बोट चालवलेला तांडेल सांगतो आणि ते रचनेचेच ज्ञान आहे.

बोलणे बुडालेल्या माणसांपर्यंत जाईल, याची तयारी ठेवावी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे गेली आणि मुंबई-गोवा आगबोटीने प्रवास केलेल्या पिढीत तो विषय अजून निघतो. आपल्या बोटीशी त्याचा थेट संबंध नाही म्हणून बोलणाऱ्याला तोडू नये, कारण बचावाच्या साधनांकडे पाहण्याची त्या पिढीची नजर अशाच घटनांनी घडवली आहे. मात्र कोणी बोलायचे थांबले तर पुन्हा तोच प्रश्न विचारू नये.

जुळवून पाहणे

प्रत्येक आठवणीसमोर बोटीवरचा पुरावा लिहावा. एका खलाशाने सांगितले की आकडे एकाच दांड्याने सुटत, तर तो दांडा किंवा त्याची जागा बोटीत आहे का? दोघांचे सांगणे परस्परविरोधी असेल तर दोन्ही ठेवावे आणि निर्णय देण्याची घाई करू नये, कारण ते कदाचित दोन वेगळ्या जहाजांविषयी बोलत असतील.

मोठ्या घटनेशी बोट जोडण्याच्या मोहापासून विशेष सावध राहावे. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा पडला आणि ते, इतर दोन जर्मन व एका इटालियन जहाजासह, खलाशांनी स्वतःच बुडवले. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' कांदोळीजवळ रुतले. या घटना इतक्या परिचित आहेत की वास्को किंवा बार्देश भागातली कोणतीही जुनी बोट त्यांच्या नावावर खपू शकते. पाटीवरचे वर्ष, बांधणीचे साहित्य आणि नोंदणीचे बंदर यांच्याशी जुळत नसेल तर 'असे सांगितले जाते' एवढेच लिहावे आणि सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकले हेही लिहावे.

जपणूक आणि नोंदी ठेवण्याची जागा

बोट काही काळ टिकवायची असेल तर गोड्या पाण्यापासून तिला वाचवावे. खारे पाणी लाकूड काही अंशी राखते, पावसाचे साचलेले पाणी ते कुजवते. तळाचे बूच काढून ठेवावे, कण्याखाली किमान तीन ठिकाणी लाकडी ओंडके द्यावेत, बाजूंना टेकू लावावेत आणि वरून ताडपत्री उतार देऊन, दोन्ही टोकांनी वारा खेळेल अशी बांधावी. घट्ट गुंडाळलेली बोट आतून बुरसते. जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवण्याचा सल्ला हमखास मिळेल, तो मानू नये. ओल आत कोंडते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी बोट आतून भुसा होते. आपल्याकडे नावांना लावतात ते मासळीचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल सुकलेल्या लाकडासाठी पुष्कळ बरे, पण तेही अक्षरे आणि रंगाचे जुने थर वगळून लावावे.

आराखडे, मापांची वही, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या किमान तीन प्रती कराव्यात. एक बोटीच्या मालकाकडे, एक आठवणी सांगणाऱ्यांच्या कुटुंबांकडे त्यांच्या भागापुरती आणि एक पणजीतील पुराभिलेख खात्याकडे किंवा पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे देण्याचा प्रयत्न करावा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि बोटीचा भाग असावा.

आणि बोट मोडायचीच ठरली असेल, तर मोडणाऱ्याशी आधी बोलून चार वस्तू वेगळ्या काढून घ्याव्यात. पाटी किंवा अक्षरांसह नाळेचा तुकडा, खिळे व बरगडीसह दोन फळ्यांचा हातभर जोड, उचलण्याचा एक आकडा आणि पोटाखालच्या पट्टीचा एक तुकडा. प्रत्येकाला पितळी तारेने चिठ्ठी बांधावी आणि तो बोटीवर नेमका कुठे होता त्याची खूण आराखड्यावर त्याच दिवशी करावी.